गल्लीतली सगळ्यात स्वच्छ गाडी

शुक्रवारी दुपारी मस्कतात अल हैलच्या सिग्नलला गाडी उभी होती आणि रमणला स्वतःचाच आवाज ऐकू आला. त्याचं तोंड तर बंद होतं. दाढ दुखत होती म्हणून लवंग धरली होती तोंडात. आवाज आला गाडीच्या स्पीकरमधून. आधी पाण्याचा, पाइपचं पाणी पत्र्यावर पडावं तसा तडतड तडतड, मग कुणीतरी घसा खाकरला, आणि मग खणखणीत, मालवणी हेल काढून, "होय म्हाराजा." मागच्या सीटवरून तेरा वर्षांची पूर्वा किंचाळलीच. "बाबा! हे तुम्ही आहात! हेटीचं न्यू साँग आलंय, आज मॉर्निंगला... ओ गॉड, बाबा, तुमचा व्हॉइस आहे त्याच्यात!" तिचा फोन गाडीत बसलं की आपोआप स्पीकरला जोडला जायचा, आणि त्यावरून बापलेकीची रोज कुरकुर व्हायची. शेजारी विशाखा मांडीवर भाजीची पिशवी घेऊन बसली होती, ती हसली. "तुमचाच की हो. गाऱ्हाणं कुणाला घालताय एवढं?" सिग्नल हिरवा झाला, मागून कुणीतरी हॉर्न दाबून धरला. स्पीकरमध्ये गिटार सुरू झाली, तीच अडखळत चालणारी, लंगड्या माणसाने भरभर चालावं तशी, आणि हेटी गायला लागणार एवढ्यात रमणने बटण दाबून सगळं बंद केलं. दाबलं कसलं, थोबाडीत मारावी तसं मारलं. "डोकं दुखतंय," तो म्हणाला. "दाढ ना?" विशाखा म्हणाली. "तेच ते!" तो ओरडला आणि गाडी अशी काही काढली की पिशवीतले टोमॅटो तिच्या पायाशी सांडले.

आता ही हेटी कोण, हे मस्कतातल्या मराठी माणसाला ठाऊक नसेल तर तो रमण परबला भेटलेलाच नाही असं समजावं. गणपतीची आरती संपून प्रसादाच्या रांगा लागल्या की रमण हमखास कुणालातरी कोपऱ्यात घ्यायचा. कणकवलीकडचा माणूस, हल्ली एका कंपनीत एकोणीस बसगाड्यांचा सुपरवायझर, पण सांगायचा ते ड्रायव्हर असतानाचं. दोन हजार बाराचा जून. मदिनत सुलतान काबूस वस्तीतल्या इंग्रज साहेबाची पोर, चौदा वर्षांची, हातात लहान पोरांची गिटार. गाडी अल हैलच्या किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड करून उभी. काचा बंद. आणि एसी बंद, बरं का! एसीची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते म्हणून. जूनच्या उन्हात बंद गाडीत बसून बघा एकदा. पोर मागच्या सीटवर गातेय, रमण पुढच्या सीटवर उलटा गुडघे टेकून तिचा फोन धरून बसलाय, दोन्ही कोपरं बरगड्यांना घट्ट लावलेली, श्वास रोखलेला, घाम डोळ्यांत उतरतोय आणि पुसायची सोय नाही, कारण पोरीने बजावलंय, "रमन, हात हलायला नको." साडेतीन मिनिटं. नाही हलला हात. तो व्हिडिओ पोरीने इंटरनेटवर टाकला. आधी चाळीस जणांनी पाहिला, मग चार हजारांनी, मग चार लाखांनी, मग बोलायलाच नको. पुढे पोर विलायतेला गेली, रेकॉर्ड निघाली, बक्षिसं मिळाली, आता तिच्या कार्यक्रमाला माणसं फोनचे दिवे पेटवून उभी राहतात. "पण पहिला फोन कुणी धरला?" रमण विचारायचा आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवायचा. पूर्वाच्या शाळेत तर या एका गोष्टीवर तिची वट होती. तिला त्याने शिकवलंही होतं, असा धरायचा फोन, कोपरं अशी लावायची, श्वास असा सोडायचा. "तुझ्या बापाचा हात हलला असता तर हेटी झाली नसती!" आणि ती पोरगी डोळे मोठे करून बघायची. त्या डोळ्यांसाठी रमणने काहीही केलं असतं. निदान त्याचं म्हणणं तसं होतं.

गाडीतच का गायची ती, घरात का नाही, हे मात्र त्याला कुणी विचारलं नाही, आणि त्यानेही आपण होऊन सांगितलं नाही. सिग्नलपासून घरापर्यंतच्या सात मिनिटांत ते सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. त्या घराला बोगनवेल होती, पांढऱ्या भिंतीवर जांभळी, आणि गेटाशेजारी ड्रायव्हरची खोली, तीत तो एकटा राहायचा. कॉलिन साहेब, हेटीचा बाप, तेलाच्या कामातला मोठा माणूस. त्याचा आवाज चढायचा नाही, हीच गोम होती. तो उतरायचा. आवाज एकदम खाली गेला की रमणच्या मानेवरचे केस उभे राहायचे. मग खुर्ची सरकायची. मग एक आवाज यायचा, ओलं गोधडं दगडावर आपटल्यासारखा, एक, मध्ये गॅप, मग दोन, आणि मॅडमचा आवाज यायचाच नाही, ती बाई ओरडायचीच नाही, तोंडात काहीतरी कोंबून घेत असावी. एकदा जेवणाच्या टेबलावरची काच फुटली आणि सकाळी मॅडम मे महिन्यात लांब बाह्यांचं घालून, काळा चष्मा लावून गाडीत बसली. तिच्या मनगटावरच्या पट्टीखालून लाल उतरत होतं आणि ती रमणला म्हणाली, आज ऊन जास्त आहे, नाही? रमण म्हणाला, यस मॅडम. संध्याकाळी साहेब फुलं घेऊन आला. मेल्याला फुलं बरी सुचायची.

आणि रमण काय करायचा? गाडी धुवायचा. खुर्ची सरकली की तो नळ सोडायचा. पाइप बोनेटवर धरायचा, पाण्याचा जोर वाढवायचा, पत्रा असा वाजवायचा की आतलं काही ऐकू येऊ नये. मस्कतात मळकी गाडी रस्त्यावर आणली तर पोलीस दंड करतात, त्यामुळे रोज गाडी धुणाऱ्या ड्रायव्हरकडे कोण बोट दाखवणार? धुतलेली गाडी तो पुन्हा धुवायचा. आणि पाण्यानेही भागेना तेव्हा तो गाऱ्हाणं घालायचा, गावच्या देवळात घालतात तसं, तोंडातल्या तोंडात. बा देवा म्हाराजा, ह्या घरातली इडापिडा टाळ रे म्हाराजा, त्या बाईच्या अंगाक हात लावणाऱ्याक बुद्धी दी रे म्हाराजा. गावात गाऱ्हाण्याला होकार द्यायला सगळा गाव असतो, इथे कोण? म्हणून होकारही तोच द्यायचा, मोठ्याने, घसा साफ करून, "होय म्हाराजा." दहा पावलांवर घराचं दार होतं, दाराला बेल होती. ती सोडून हा गृहस्थ अरबी समुद्रापलीकडच्या देवाला हाका मारत होता. वर, म्हणजे माडीवरच्या खिडकीत, हेटी असायची. गिटार मांडीवर, वाजवत नसायची. ती खाली बघायची. आज कळलं की तिच्या हातात तेव्हा फोन होता, आणि फोन चालू होता.

इमारतीच्या दारात राखणदार हुसैनमियाँ, ज्याला इथे सगळे नातूर म्हणतात, तो वाट बघतच होता. "रमणभाई, आप के घर की टंकी फिर खाली होने को आई. हफ्ते में दो-दो बार टँकर कहाँ से बुलाऊँ?" रमणने पूर्वाकडे रागाने पाहिलं. ही पोरगी न्हाणीघरात शिरली की अर्धा-अर्धा तास बाहेर येत नव्हती, गेलं वर्षभर. नळ सोडून बसायची. कितीदा सांगितलं, ही कोकणातली विहीर नव्हे, इथे पाणी टँकरने येतं! "बघितलंस?" तो म्हणाला. पूर्वाने कानात इअरफोनचं बोंडकं घातलं आणि ती जिना चढायला लागली. ती ते गाणं ऐकत होती, हे तिच्या मानेवरून कळत होतं.

विशाखाने सुरमईला मीठमसाला लावला, तवा ठेवला. रमण बाहेरच्या खोलीत पंख्याखाली बसला, आणि पंख्याचं फिरणं बघता बघता त्याला ते दार दिसायला लागलं. ते त्याला कधीही दिसायचं, बसगाड्यांची दारं बंद होताना तर रोजच. दोन हजार तेराचा मार्च. व्हिडिओ दहा लाखांच्या वर गेला होता आणि ऑफिसातल्या कुणीतरी साहेबाचं अभिनंदन केलं होतं, तुमच्या मुलीचं ते घरातल्या आवाजांवरचं गाणं फार काळजाला भिडतं म्हणाला. संध्याकाळ होती, उजेड होता. हेटी अंगणातल्या गाडीत, मागच्या सीटवर, दार उघडं टाकून गिटार जुळवत होती. रमण पुढची चाकं धूत होता. साहेब बाहेर आला, शांत. रमणला म्हणाला, चालू दे तुझं. त्याने गिटार तिच्या हातातून काढून घेतली. रमणला वाटलं, आता आपटणार. नाही आपटली. बोगनवेलीला अलगद टेकवून ठेवली, झोपलेल्या पोराला ठेवावं तशी. हेटी ती घ्यायला वाकली, डावा हात दाराच्या चौकटीवर टेकून. आणि साहेबाने दार लावलं. पोरीचा आवाज असा आला की समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. दार उघडलं गेलं. साहेबाने बघितलं, बोटं तिथेच होती, पोरीला ती उचलायचंही सुचलं नव्हतं. मग त्याने पुन्हा लावलं. कमरेतून जोर घेऊन. एकदा माणसाच्या हातून चुकून होतं. दुसऱ्यांदा होत नाही. रमणने दोन्ही वेळा बघितलं आणि त्याच्या हातातला पाइप त्याच्याच पायांवर वाहत राहिला, बूट भरले. हाड मोडतं तेव्हा फार मोठा आवाज होत नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं. ओली काटकी मोडावी तेवढाच होतो.

दवाखान्यात गाडी त्यानेच नेली. पोरीचा हात त्याच्याच गाडी पुसायच्या फडक्यात गुंडाळला होता, फडकं तांबडं झालं होतं, आणि साहेब पुढे बसून सांगत होता, काय सांगायचं ते. ड्रायव्हरने दार लावलं. अपघात. साध्या आवाजात सांगत होता, उतरलेल्या. तिथल्या नर्सच्या छातीवर फरिदा असं नाव होतं. तिने रमणकडे बघितलं, त्याच्या कार्डावरचं नाव वाचलं, आणि फडकं सोडवता सोडवता, मान वर न करता, सरळ मराठीत बोलायला लागली. "मी रत्नागिरीची. भाऊ, ह्या बोटांवर दोन रेघा आहेत. दार एकदा लागतं. खरं सांगा काय ते, तुमच्या साहेबाला काय मराठी समजत नाही. मी लिहिते, पुढचं डॉक्टर बघतील." किती वेळ होता त्याच्याकडे? चार श्वासांचा असेल. व्हिसा साहेबाच्या नावावर. साहेब फिरला तर उद्याचं विमान. गावात विशाखा, आठ वर्षांची पूर्वा, तिचा फोटो खिशात. त्या खोलीत त्याची भाषा कळणारी एकच बाई होती आणि ती त्याच्या बाजूची होती. देवाने गाऱ्हाणं ऐकून माणूस पाठवलं होतं म्हणा ना! आणि रमण म्हणाला, "माझ्याच हातून झालं." फरिदाचे हात थांबले. "बरं," ती म्हणाली, "तुम्ही म्हणता तसं लिहिते." हेटीने त्याच्याकडे बघितलं. तिला मराठीचा शब्द येत नव्हता, पण काय विचारलं आणि काय उत्तर आलं, हे त्या पोरीला कळलं होतं. तिने बघितलं आणि मग बघणं सोडून दिलं. नंतर निघून जाईपर्यंत तिने त्याच्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

पंधरा दिवसांनी साहेबाने त्याला बोलावून पाकीट दिलं. आत एनओसी. दुसरीकडे नोकरी करायला माझी हरकत नाही, खाली सही. जो इथे राहिलाय त्यालाच कळेल हा कागद काय चीज आहे. माणसं दहा-दहा वर्षं अर्बाबाच्या, म्हणजे मालकाच्या, दारात उभी राहतात त्या सहीसाठी, आणि शेवटी रिकाम्या हाताने घरी जातात. सोबत शिफारसपत्र, विश्वासू माणूस म्हणून. त्या कागदावर रमण सुपरवायझर झाला, फॅमिली स्टेटस, म्हणजे बायकोमुलं आणायची मुभा, मिळालं, वर्षाच्या आत विशाखा आणि पूर्वा विमानतळावर उतरल्या. पूर्वाने फ्रिल लावलेला फ्रॉक घातला होता. साहेबलोक तोवर विलायतेला निघून गेले होते. हेटीची दोन बोटं ताठच राहिली. ती उरलेल्या बोटांनी वाजवायला शिकली, आणि त्या लंगड्या वाजवण्यावरच जग फिदा झालं, आहे की नाही गंमत? मुलाखतीत विचारायचे, हाताला काय झालं? ती म्हणायची, लहानपणी मस्कतात गाडीचं दार लागलं, ड्रायव्हरच्या हातून, चुकून. पूर्वाने ती मुलाखत त्याला दाखवली होती. "बाबा, तो ड्रायव्हर म्हणजे... तुम्ही?" "अगं, चुकून झालं," तो म्हणाला होता, आणि वाईट वाटून घेतलं होतं, आणि खरं सांगायचं तर आत कुठेतरी सुखावलाही होता. इतकी वर्षं ती आपल्याला सांभाळून घेतेय, आपलं खोटं ती चालवतेय, म्हणजे माफच केलं की तिने. असा त्याचा हिशोब.

"जेवायला या," विशाखाने हाक मारली. पूर्वा आधीच स्वयंपाकघरात उभी होती, फोन हातात, डोळे लाल. ताट घेतलं नव्हतं. "बाबा, मी लिरिक्स वाचले," ती म्हणाली. "मला नाही ऐकायचे," रमण म्हणाला. "आई, तू ऐक. ती म्हणते... रोज इव्हिनिंगला एक माणूस कार धुतो. कार ऑलरेडी क्लीन असते. घरातून साउंड आला की तो पाणी... पाणी मोठं करतो. गल्लीतली सगळ्यात क्लीन कार." तिला शब्द सापडत नव्हते, ती एकेक शब्द तोंडातून उचलून ठेवत होती. "मग मार्चमध्ये दार. दार दोन वेळा. डॅडने केलं. आणि त्या माणसाने सांगितलं, मी केलं. कोरसमध्ये तेच आहे, परत परत, त्याने सांगितलं मी केलं." तव्यावर सुरमई चुरचुरत होती. "गाणं विकायला काहीही लिहितात," रमण म्हणाला. "बाप मेला तिचा गेल्या वर्षी, आता कोण विचारणार!" "पण व्हॉइस तुमचा आहे ना बाबा? तुम्ही तिथे होता ना? मग तुम्ही खोटं का सांगितलं? तिला हर्ट झालं होतं ना?" तिचे डोळे मोठे झाले होते, नेहमीसारखे, पण त्यांत नेहमीचं काही नव्हतं. काहीतरी निघून जात होतं तिथून, रमणला दिसत होतं, आणि हात पुढे करून ते थांबवता येत नव्हतं.

विशाखाने मासा उलटला. "मार्चमधलं ना हे?" ती हळूच म्हणाली. "तुमचा फोन आला होता, एनओसी मिळाली म्हणून. पाडव्याच्या आसपास. मी देवीची ओटी भरली होती." ती तव्याकडेच बघत होती. "म्हणजे त्या पोरीच्या बोटांवर आलो म्हणा की आपण इथे."

तिने ते चिडून म्हटलं असतं तरी चाललं असतं. तिने ते तांदूळ संपलेत म्हणावं तसं म्हटलं. रमणच्या कानात काहीतरी भरून आलं. "पूर्वा, आत जा," तो म्हणाला, आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं की आपला आवाज खाली गेलाय. पूर्वा हलली नाही. "आत जा!" ती गेली. रमण उठला आणि त्याने खिडकी लावून घेतली. खिडकी तो नेहमी आधी लावायचा, शेजारी ओवेस आणि सादिया राहायचे, भली माणसं, उगाच कशाला. विशाखाने खिडकीची कडी लागताना बघितली. "गॅस बंद करू द्या," ती म्हणाली, आणि तिने गॅस बंद केला, तवा आतल्या बाजूला सरकवला, दांडा भिंतीकडे वळवला, हात पदराला पुसले. सवयीने. मग ती त्याच्याकडे वळली आणि त्याने मारलं. उघड्या हाताने, कानशिलावर, सगळं अंग घालून. ती फ्रिजवर आदळली, फ्रिजवरचा डबा पडला, डाळ सांडली. तिच्या तोंडून हवा निघाली नुसती. ती सावरत होती, एक हात ओट्यावर टेकून, आणि तिच्या भुवईजवळ चिरलं होतं, रक्त यायच्या आधीची पांढरी रेघ दिसत होती. तो तेव्हा थांबू शकला असता. राग निघून गेला होता, हे सांगायलाच हवं, राग पहिल्याच फटक्यात निघून गेला होता, आत एकदम मोकळं आणि थंड झालं होतं. त्याने बघितलं, ती तिथेच होती. मग त्याने पुन्हा मारलं. मूठ वळून.

आणि आतून पाण्याचा आवाज आला.

न्हाणीघराचा नळ, पूर्ण सोडलेला, बादलीत. रमण उभा राहिला, मूठ तशीच. त्याला आधी रागच आला, पुन्हा पाणी, टाकीत आधीच तळाशी उरलंय! आणि मग त्याला आठवला तो बोनेटवर धरलेला पाइप. त्याचा बाप दशावतारात मृदंग वाजवायचा, मृदंगाशिवाय आयुष्यात कशावर हात उगारला नाही त्याने, त्यामुळे रक्तातून आलं असं म्हणायची सोयही रमणला नव्हती. आपण विशाखावर हात टाकला तो तीनदा, असं तो स्वतःला सांगत आला होता. एकदा दसऱ्याला, एकदा तिच्या भावाच्या पत्रावरून, एकदा असाच. तीनदा म्हणजे काही कॉलिन साहेब नव्हे. पण हुसैनमियाँ म्हणत होता, आठवड्यातून दोनदा. वर्षभर. टाकी काही उगाच रिकामी होत नाही. रमण एकेक आठवायला लागला, भात करपला त्या वेळी पाणी वाहत होतं, हो. चाव्या सापडत नव्हत्या तेव्हा, हो. ती फोनवर बोलत होती म्हणून मनगट पिरगाळलं तेव्हाही. प्रत्येक वेळी आत नळ होता आणि प्रत्येक वेळी नंतर त्याने दारावर थाप मारून विचारलं होतं, किती पाणी घालवतेस गं! विशाखा खाली बसली होती डाळीत, पदर कपाळाला लावून, आणि पदर लाल होत होता. तिलाही पाण्याचा आवाज ऐकू येत होता. तिला तो वर्षभर ऐकू येत होता, तिच्या चेहऱ्यावरून ते कळत होतं.

मग पाणी अडखळलं. नळ खोकला, एकदा, दोनदा, भुर्र केलं, आणि आवाज बंद पडला. टाकी संपली होती. घर एकदम असं शांत झालं की पलीकडे ओवेसच्या घरात कुणीतरी टीव्ही मोठा करतंय हे स्वच्छ ऐकू आलं. बातम्या लागल्या होत्या. आवाज वाढत गेला, मग एका जागी थांबला. खिडकी बंद होती तरीही. रमणला वाटलं, जाऊन त्या भिंतीवर डोकं आपटावं. किंवा हे सगळं साफ करावं, डाळ गोळा करावी, फरशी पुसावी, चकचकीत करावी. त्याने खरंच फडकं उचललं. ओट्यावरचा नळ सोडला. नळाला पाणी नव्हतं.

कडी निघाली. पूर्वा न्हाणीघरातून बाहेर आली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिचे पाय ओले होते, फ्रॉकचा घेर ओला होता. तिच्या दोन्ही हातांत फोन होता. दोन्ही कोपरं तिने बरगड्यांना घट्ट लावली होती आणि ती श्वास हळूहळू सोडत होती, तोंडाने, जसा शिकवला होता तसा. फोनचा डोळा आधी आईवर होता, तिच्या पदरावर, सांडलेल्या डाळीवर. मग तो सावकाश फिरला आणि रमणवर येऊन थांबला. ओरड पूर्वावर, रमणच्या आतून कुणीतरी म्हणालं, हिसकावून घे, तुझीच लेक आहे, एक पाऊल तर आहे. हाताला अजून मुठीची ऊब होती. तो पाऊल टाकणारच होता. पण तिचा हात हलत नव्हता. डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं, नाकातून वाहत होतं, पुसायची सोय नव्हती आणि हात हलत नव्हता.

"कसं लागलं आईला?" तिने विचारलं. एकही इंग्रजी शब्द न घालता, हळू, नीट जुळवून, शाळेत प्रश्न विचारतात तशी. "सांगा बाबा. खरं काय झालं ते सांगा."

विशाखाने पदर कपाळावरून काढला आणि तोंड उघडलं. दाराचा कोपरा, ती म्हणणार होती, फ्रिजचं दार, मी पाय घसरून. रमणला तिच्या ओठांवर ते आलेलं दिसलं. त्या खोलीत चार श्वासांचा वेळ होता.

"माझ्याच हातून झालं," रमण म्हणाला.

पूर्वाने फोन खाली घेतला नाही. "किती वेळा?" तिने विचारलं.